रीबूटनंतर कंटेनरला पत्ता मिळेना: ब्रिज, व्हीइथ आणि दोन रात्रींचं जागरण

तिसरा_प्रयत्न (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन रात्री घालवून झाल्या, आता जाणकारांना शरण येतोय.

मांडणी अशी: एक मशीन, उबुंटू, एकच नेटवर्क कार्ड. त्या कार्डावर बीआर० नावाचा ब्रिज (कर्नलमधला आभासी स्विच) केलाय आणि होस्टचा पत्ता ब्रिजवरच ठेवलाय. एलएक्ससीचे चार कंटेनर आहेत, म्हणजे होस्टच्याच कर्नलवर वेगळ्या मशीनसारखे चालणारे चार कप्पे. दोन एलएक्ससीच्या स्वतःच्या ब्रिजवर, म्हणजे एलएक्ससीबीआर० वर. उरलेल्या दोघांना घरच्या राउटरकडून थेट पत्ता हवा, म्हणून ते बीआर० वर. या दोघांच्या कॉन्फिगमध्ये टाइप व्हीइथ, लिंक बीआर०, फ्लॅग्ज अप आणि ००:१६:३ई ने सुरू होणारा मॅक (कार्डाचा हार्डवेअर पत्ता), एवढंच आहे. (कमांडी आणि नावं उच्चारतो तशी लिहितोय, टर्मिनलवरचं रूप तुम्हाला ठाऊक आहेच.)

तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. परवा कर्नल अपडेट आला, रीबूट केलं, आणि तेव्हापासून बीआर० वरच्या दोन्ही कंटेनरना पत्ताच मिळत नाही. डीएचसीपी क्लायंट (राउटरकडे पत्ता मागणारा प्रोग्राम) विचारत राहतो, समोरून कोणी ओ देत नाही. एलएक्ससीबीआर० वरचे दोघे ठणठणीत. होस्टही ठणठणीत.

करून पाहिलेलं: कंटेनरमधली नेटवर्क फाइल तीनदा लिहिली, डीएचसीपी क्लायंट बदलला, नवा कंटेनर बनवला, जुन्या कर्नलवर बूट केलं. फरक शून्य. हाताने पत्ता दिला तर होस्टवरून कंटेनरला पिंग जातो, कंटेनरमधून होस्टलाही जातो. गेटवेला मात्र नाही. कर्नलशिवाय मधल्या काळात काहीही बदललेलं नाही.

वाचनमात्र

+१. माझ्याकडेही कंटेनरचं नेट अर्धवट चालतं. लक्ष ठेवून आहे.

सोळा_बिट

दोन शंका. पहिली: ब्रिजवर एसटीपी (फ्रेम गोल गोल फिरू नयेत म्हणूनची सोय) चालू आहे का? असेल तर नवा पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, मगच फ्रेम पुढे पाठवतो. तोवर डीएचसीपी क्लायंट कंटाळून गप्प झालेला असतो. दुसरी: कॉन्फिगमधल्या ओळी "एलएक्ससी.नेटवर्क" ने सुरू होतात की "एलएक्ससी.नेट.०" ने? २.१ आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, नावं बदलली. जुनी फाइल असेल तर एलएक्ससी-अपडेट-कॉन्फिग चालवा.

तिसरा_प्रयत्न

एसटीपी बंद आहे. ओळी नव्या पद्धतीच्याच आहेत. शिवाय कंटेनर तासभर चालू ठेवून आतून पुन्हा पुन्हा मागून पाहिलं, त्यामुळे ३० सेकंदांची भानगड नसावी.

रिकामा_रॅक

हे मशीन प्रत्यक्ष आहे की भाड्याचं आभासी? विचारतोय कारण भाड्याच्या मशीनवर मी हेच भोगलंय. त्या मंडळींच्या स्विचला तुमच्या एकाच मॅकची ओळख असते. ब्रिज करून आतल्या कंटेनरचा दुसरा मॅक बाहेर पाठवला की स्विच ती फ्रेम मुकाट्याने फेकून देतो. एररही येत नाही. व्हीएमवेअरवर असाल तर प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स, दोन्ही उघडावे लागतात.

तिसरा_प्रयत्न

प्रत्यक्ष मशीन आहे, टेबलाखाली गुरगुरतंय. आणि परवापर्यंत हेच चालत होतं.

केबलवाली

तिसरा_प्रयत्न, तुमची आतापर्यंतची धडपड म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन वेळा फाइल लिहिलीत ती कंटेनरच्या आत, आणि माझ्या अंदाजाने दोष आहे होस्टवर. का ते सांगते, जरा लांबेल.

कंटेनरमधलं ईथ० हे कार्ड नव्हेच. ते एका केबलचं टोक आहे. व्हीइथ नेहमी जोडीनेच जन्मतं. एक टोक एलएक्ससी कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच्या स्वतंत्र नेटवर्क-कप्प्यात) ढकलतं आणि त्याचं नाव ईथ० ठेवतं. दुसरं टोक होस्टवर राहतं, त्याला व्हीइथ आणि पुढे काही अगम्य अक्षरं असं नाव मिळतं, आणि ते ब्रिजला जोडलं जातं. एक टोक पुसलं की दुसरं आपोआप जातं. ब्रिज म्हणजे कर्नलमधला स्विच. तुमच्या बीआर० ला तीन पोर्ट आहेत: खरं कार्ड आणि दोन कंटेनरची दोन टोकं.

म्हणजे डीएचसीपीची विनंती कंटेनरमधून निघून राउटरपर्यंत जाताना चार ठिकाणी दिसली पाहिजे: कंटेनरचं ईथ०, होस्टवरचं व्हीइथ टोक, बीआर०, आणि खरं कार्ड. चार टर्मिनल उघडा, चारही ठिकाणी टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा, डीएचसीपीच्या पोर्ट ६७ आणि ६८ वर. मग कंटेनरमधून पत्ता मागा. पॅकेट कुठल्या दोन ठिकाणांच्या मध्ये मरतं ते कळलं की निम्मं काम झालं. कॉन्फिग बदलून बघणं बंद करा, आधी बघा.

कुठलं टोक कोणाचं हे ओळखायला कंटेनरमध्ये आयपी लिंक चालवा. "ईथ०@आयएफ२३" असं काहीतरी दिसेल. तो २३ म्हणजे होस्टवरच्या टोकाचा क्रमांक. होस्टवर आयपी लिंक चालवून २३ क्रमांकाची ओळ बघा. एलएक्ससी-इन्फो सुद्धा लिंक म्हणून ते नाव छापतं.

आणि अजून एक चाचणी, ही जास्त महत्त्वाची. बीआर० वरच्या दोन्ही कंटेनरना हाताने एकाच रेंजमधले पत्ते द्या. एकातून दुसऱ्याला पिंग करा. पिंग गेला की नाही ते सांगाच, पण त्याच्यानंतर लगेच आयपी नेबर चालवून समोरच्याचा मॅक टेबलात आला का तेही सांगा.

नवखी

केबलवालीताई, मध्येच विचारते. आयपी नेटएनएस लिस्ट चालवलं तर माझ्याकडे काहीच दिसत नाही. कंटेनर तर चालू आहेत. मग नेमस्पेस कुठे गेल्या?

केबलवाली

गेल्या नाहीत. ती कमांड फक्त रन डिरेक्टरीतल्या नेटएनएस फोल्डरमध्ये नावाने नोंदवलेल्या नेमस्पेस दाखवते. एलएक्ससी तिथे नाव टाकत नाही, नेमस्पेस प्रोसेसच्या आधाराने जगते. एलएसएनएस ला टाइप नेट सांगून बघ, सगळ्या दिसतील. आत शिरायचं असेल तर एलएक्ससी-इन्फो कडून पीआयडी घे आणि एनएसएंटर ने फक्त नेटवर्क नेमस्पेसमध्ये जा. याचा फायदा असा की कंटेनरमध्ये टीसीपीडंप टाकलेलं नसलं तरी होस्टवरचंच वापरता येतं. तिसरा_प्रयत्न, तुम्हालाही हे उपयोगी.

जेलर

अवांतर: आमच्याकडे फ्रीबीएसडीत या जोडीला ईपेअर म्हणतात. ईपेअर०ए आणि ईपेअर०बी, म्हणजे कुठलं टोक कोणाचं हे नावावरूनच कळतं, २३ क्रमांक शोधत बसावं लागत नाही. व्हीनेट जेलला (स्वतःचं नेटवर्क असलेला आमच्याकडचा कंटेनर) एक टोक द्यायचं, दुसरं ब्रिजला. १२.० पासून, २०१८ च्या डिसेंबरपासून, हे नेहमीच्या कर्नलमध्येच येतं. आधी आम्ही कर्नल घरी बनवायचो. चालू द्या.

सोळा_बिट

जेलरसाहेब कुठल्याही धाग्यात जेल घेऊन येतात. (ह. घ्या.)

तिसरा_प्रयत्न

केबलवाली, निकाल असा:

कंटेनरच्या ईथ० वर विनंती दिसते. होस्टच्या व्हीइथ टोकावर दिसते. बीआर० वरही दिसते! खऱ्या कार्डावर काहीच नाही.

दुसरी चाचणी: पिंग जात नाही, शंभर टक्के पॅकेट हरवतात. पण आयपी नेबरमध्ये समोरच्या कंटेनरचा मॅक बरोबर आलाय, रीचेबल असं लिहून. हे मला झेपलं नाही. केबल तुटली असती तर मॅक तरी कसा कळला?

केबलवाली

वा, आता रोग सापडला.

बीआर० वर विनंती दिसली म्हणून हुरळू नका. डीएचसीपीची पहिली हाक ब्रॉडकास्ट असते, ब्रिज तिची एक प्रत होस्टलाही देतो, ती तुम्हाला बीआर० वर दिसली. खरा प्रश्न एका पोर्टातून दुसऱ्या पोर्टात उडी मारताना आहे. आणि तिथे एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक विचारणारी हाक) सुखरूप पलीकडे जातं, आयपी मरतं. स्विच बिघडला असता तर दोन्ही मेलं असतं. म्हणजे कोणीतरी आयपी पॅकेट निवडून अडवतंय. होस्टवरून कंटेनरला पिंग जातो कारण तो प्रवास आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) इनपुट आणि आउटपुट साखळ्यांमधून होतो. कंटेनर ते कंटेनर आणि कंटेनर ते राउटर हा प्रवास फॉरवर्डमधून होतो.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिज दुसऱ्या थरावर चालतो, तिथे आयपीटेबल्सचं काय काम? बीआर_नेटफिल्टर नावाचं मॉड्यूल लोड असेल आणि ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स ही किल्ली १ असेल, तर ब्रिजवरून जाणारं आयपी पॅकेटसुद्धा आयपीटेबल्सच्या फॉरवर्डमधून फिरवून आणलं जातं. एआरपी त्या वाटेने जात नाही, म्हणून तो सुटला.

आयपीटेबल्सची फॉरवर्ड साखळी आकड्यांसकट छापा. पहिल्या ओळीत पॉलिसी काय आहे, म्हणजे कुठलाच नियम लागला नाही तर पॅकेटचं काय करायचं, ते सांगा. आणि खरं सांगा, या मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं दुसरं साधन) टाकलंय का?

तिसरा_प्रयत्न

पॉलिसी ड्रॉप. कंटेनरमधून पत्ता मागितला की त्या ओळीतला आकडा माझ्यासमोर वाढतोय.

आणि हो, डॉकर आहे. पण ते टाकून आठवडा झालाय, आणि टाकल्यानंतर सहा दिवस बीआर० चे कंटेनर व्यवस्थित चालले. म्हणून तर "काही बदललं नाही" म्हटलं. डॉकर दोषी असतं तर त्याच दिवशी बंद पडायला हवं होतं ना?

सोळा_बिट

"काही बदललं नाही" हे वाक्य धाग्यात आलं की समजावं, उत्तर त्याच्याच पोटात आहे.

केबलवाली

सहा दिवस का चाललं हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला एकदा अर्धा दिवस खर्चून मिळालं होतं.

डॉकर १.१३ पासून, म्हणजे २०१७ च्या जानेवारीपासून, फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करतं. हे चुकून होत नाही, मशीन परस्पर राउटर बनू नये म्हणून मुद्दाम केलंय. पण त्यात एक अट आहे. डॉकर सुरू होताना आयपी_फॉरवर्ड (दुसऱ्याची पॅकेट पुढे ढकलायची की नाही हे ठरवणारी किल्ली) बघतं. ते ० असेल तर स्वतः १ करतं, आणि आपण दार उघडलं म्हणून पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं. ते आधीच १ असेल तर दार दुसऱ्या कोणीतरी उघडलंय असं धरून पॉलिसीला हात लावत नाही.

तुमच्याकडे एलएक्ससी-नेट ही सेवा आहे. एलएक्ससीबीआर० उभा करणारी, १०.०.३.१ पत्ता देणारी, डीएनएसमास्क चालवणारी. ती उठताना आयपी_फॉरवर्ड १ करते. तुम्ही डॉकर टाकलंत तेव्हा ती आधीपासून चालूच होती, किल्ली १ होती, डॉकरने पॉलिसी सोडून दिली. परवा रीबूट केलंत. या वेळी डॉकर आधी उठलं, किल्ली ० दिसली, पॉलिसी ड्रॉप. मागून एलएक्ससी-नेट आली आणि तिने फक्त स्वतःच्या एलएक्ससीबीआर० पुरते स्वीकारण्याचे नियम घातले. म्हणून ते दोन कंटेनर ठणठणीत आणि बीआर० वरचे अनाथ.

कर्नल बिचारा निर्दोष. कुठल्याही रीबूटला हेच झालं असतं, किंवा शर्यत एलएक्ससी-नेटने जिंकली असती तर नसतंही झालं. एका बूटला चालतं, दुसऱ्याला नाही, असं सांगणारे जे लोक भेटतात त्यांच्याकडे बहुधा हीच शर्यत असते.

तिसरा_प्रयत्न

जर्नल काढून पाहिलं. परवाच्या बूटमध्ये डॉकर एलएक्ससी-नेटच्या चार सेकंद आधी उठलंय. दंडवत स्वीकारा.

आता दुरुस्ती कशी करू? नेटवर एक ओळ सापडली: ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स ० करा. केली. लगेच दोघांना पत्ते मिळाले.

रिकामा_रॅक

तीच ओळ मीही वापरतो. ब्रिजवरचं पॅकेट फायरवॉलमधून नेणं हीच मुळात विचित्र गोष्ट आहे, बंद केलेली बरी.

केबलवाली

विचित्र आहे हे मान्य. पण या मशीनवर ती ओळ मी घालणार नाही. डॉकर एकाच ब्रिजवरच्या कंटेनरांना एकमेकांपासून तोडायला याच किल्लीवर विसंबून असतं. कंटेनरांमधला संवाद बंद ठेवण्याची सोय वापरत असाल तर ० केल्यावर ती कागदावरच उरते, आणि तुम्हाला कळणारही नाही. पुढेमागे त्या मशीनवर कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) टाकलंत तर त्याच्या ब्रिजवर चालणाऱ्या जोडण्यांना १ लागतं, तेव्हा कोणीतरी ती परत फिरवेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

दुसरा उपाय म्हणजे सिस्कंट्रोल फाइलमध्ये आयपी_फॉरवर्ड १ लिहून ठेवायचं, म्हणजे डॉकर उठण्याआधीच ते १ असेल. शर्यत संपते. पण मग पॉलिसी उघडी राहते, आणि त्या मशीनमधून कोण काय पुढे ढकलतंय हे बघायची जबाबदारी तुमची.

मी तिसरा घेते. डॉकर-यूझर नावाची साखळी तुमच्याच नियमांसाठी राखलेली आहे, डॉकर तिच्यातलं काही पुसत नाही. तिच्यात एक नियम: आत येणारा इंटरफेस बीआर०, बाहेर जाणाराही बीआर०, स्वीकार. ब्रिजमधून जाणाऱ्या पॅकेटला आयपीटेबल्समध्ये दोन्हीकडे ब्रिजचंच नाव दिसतं, पोर्टचं नाही. पोर्टाने ओळखायचं असेल तर फिजडेव्ह मॅच लागतो. नियम रीबूटला टिकणार नाही, त्यासाठी डॉकरनंतर चालणारी एक छोटी सिस्टिमडी सेवा करा.

रिकामा_रॅक

एका घरगुती मशीनसाठी एवढा थाट?

केबलवाली

एक नियम आणि सहा ओळींची सेवा. थाट कसला त्यात?

तिसरा_प्रयत्न

डॉकर-यूझरचा नियम घातला, किल्ली परत १ केली, तीनदा रीबूट केलं. दोन वेळा डॉकर आधी उठलं, एकदा एलएक्ससी-नेट. तिन्ही वेळा चारही कंटेनरना पत्ते मिळाले.

धागा इथे बंद करणार होतो, पण एक जुनं दुखणं विचारून घेतो. चारांपैकी एक कंटेनर बंद केला की माझं होस्टवरचं एसएसएच गोठतं. पाऊण मिनिटाने परत जिवंत होतं. सुरू करताना काही होत नाही, बंद करतानाच. आणि हे एकाच कंटेनरला, बीआर० वरच्या दुसऱ्याला नाही. मी याला वायफायचा दोष समजत होतो.

सोळा_बिट

त्या एका कंटेनरमध्ये वेगळं काय आहे? आणि कृपया "काही नाही" म्हणू नका.

तिसरा_प्रयत्न

हा हा. आहे वेगळं. पहिल्या पोस्टमध्ये दोघांचं कॉन्फिग एकसारखं असल्यासारखं लिहिलं, ते अर्धसत्य होतं. होस्टवरच्या टोकाला मला ठरावीक नाव हवं होतं, ट्रॅफिक मोजायला. म्हणून त्याची व्हीइथ जोडी मी स्क्रिप्टने बनवतो: सुरू होण्याआधीच्या हुकमध्ये जोडी बनवून ब्रिजला लावतो, थांबल्यावरच्या हुकमध्ये पुसतो.

रिकामा_रॅक

हे माझ्या प्रांतातलं आहे, उत्तर मी देतो.

लिनक्सचा ब्रिज, त्याला मॅक कोणी बजावून सांगितला नसेल तर, आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान आकड्याचा मॅक स्वतःचा म्हणून लावतो. तुमच्या खऱ्या कार्डाचा मॅक कशाने सुरू होतो? आणि तुमच्या स्क्रिप्टच्या होस्टकडच्या टोकाचा?

तिसरा_प्रयत्न

कार्ड डी८ ने. स्क्रिप्टचं टोक ४ए ने.

रिकामा_रॅक

मग झालं. कंटेनर सुरू होतो, ४ए वालं टोक ब्रिजला लागतं, ४ए हे डी८ पेक्षा लहान, ब्रिजचा मॅक ४ए होतो. त्या क्षणी काही बिघडत नाही, कारण राउटरला अजून डी८ आठवतोय आणि डी८ वालं कार्ड जागेवर आहे. त्या मॅकसाठी आलेली फ्रेम ब्रिज आपलीच समजून घेतो. थोड्या वेळाने राउटर आणि तुमचा लॅपटॉप नवा मॅक शिकतात. आता कंटेनर बंद करा. ४ए जगातून नाहीसा झाला. ब्रिज परत डी८ झाला, पण ते कोणाला ओरडून सांगत नाही. लॅपटॉप ४ए च्या नावाने पत्रं पाठवत राहतो, घेणारा कोणी नाही. त्याची एआरपी नोंद शिळी होऊन पुन्हा विचारणा होईपर्यंत तुमचं एसएसएच गोठलेलं.

एलएक्ससीला हे माहीत आहे. म्हणून तो स्वतः जोडी बनवतो तेव्हा होस्टकडच्या टोकाच्या मॅकचा पहिला बाइट एफई करून ठेवतो. एफई इतका मोठा की सर्वांत लहान होण्याची भीतीच नाही. तुमची स्क्रिप्ट हे करत नाही.

एक कोडं मात्र उरतं. सिस्टिमडी २४२ पासून ब्रिजला मशीनच्या ओळखीवरून काढलेला कायमचा मॅक मिळतो, म्हणजे तुमच्या उबुंटूवर हे व्हायलाच नको होतं. कुठे मॅकॲड्रेसपॉलिसी नन करून ठेवलंय का?

तिसरा_प्रयत्न

... केलंय. ब्रिज बनवला तेव्हा त्याचा मॅक कार्डापेक्षा वेगळा आला, आणि राउटरमध्ये होस्टचा पत्ता कार्डाच्या मॅकला राखून ठेवलेला. एका लेखात लिंक फाइलमध्ये नन लिहायला सांगितलं होतं, लिहिलं, मॅक जुळला, खूश झालो.

रिकामा_रॅक

हेतू बरोबर, रस्ता चुकीचा. ब्रिजच्याच कॉन्फिगमध्ये कार्डाचा मॅक स्पष्ट लिहा. नेटप्लॅन वापरत असाल तर ब्रिजच्या खाली मॅकॲड्रेसची एक ओळ. एकदा स्पष्ट दिला की ब्रिज पोर्टांकडे बघत नाही.

आणि ती स्क्रिप्ट काढून टाका हो. ठरावीक नावासाठी एलएक्ससी.नेट.०.व्हीइथ.पेअर ही ओळ आहेच. फक्त कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड (होस्टच्या रूटचे अधिकार नसलेला) असेल तर ती दुर्लक्षिली जाते.

नवखी

एवढं सगळं वाचून ब्रिजची भीतीच बसली. मॅकव्हीलॅन वापरलं तर यातलं काहीच करावं लागत नाही ना? माझ्या लॅपटॉपवर वायफाय आहे, त्याच्यावर लावून बघितलं तर कंटेनरला पत्ताच मिळाला नाही.

केबलवाली

ब्रिज, पोर्ट, एसटीपी हे सुटतं खरं. मॅकव्हीलॅनमध्ये कार्डालाच अनेक मॅक फुटतात, आणि प्रत्येक कंटेनरला एक मिळतो. पण वायफायवर ते चालत नाही. ॲक्सेस पॉइंट ज्या मॅकने जोडणी झाली त्याच मॅकच्या फ्रेम घेतो, बाकीच्या टाकून देतो. ब्रिजचीही वायफायवर हीच गत. तिथे आयपीव्हीलॅन बघ, ते ३.१९ कर्नलपासून आहे आणि सगळे कंटेनर मूळ कार्डाचाच मॅक वापरतात. मात्र सगळ्यांचा मॅक एक म्हटल्यावर डीएचसीपी सर्व्हरचा घोळ होतो, क्लायंट आयडी वेगळे द्यावे लागतात किंवा पत्ते हाताने. लॅपटॉपवर मी तरी सरळ एलएक्ससीबीआर० आणि नॅट (सगळे कंटेनर होस्टच्याच पत्त्याने बाहेर जातात) वापरते.

आणि वायरवर मॅकव्हीलॅन लावलंस तर पहिल्याच दिवशी एक धक्का बसेल: होस्ट आणि त्याचे स्वतःचे कंटेनर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. बाहेरचं सगळं जग बोलतं, होस्टच नाही. ही रचनाच तशी आहे, बिघाड नव्हे. बोलायचंच असेल तर होस्टलाही त्याच कार्डावर एक मॅकव्हीलॅन इंटरफेस बनवून त्याच्यावरून बोलावं लागतं.

रिकामा_रॅक

भाड्याच्या मशीनवाल्यांसाठी जोड: तिथे ब्रिजही नाही, मॅकव्हीलॅनही नाही, मॅकचीच अडचण. एलएक्सडी किंवा इन्कस (कंटेनर सांभाळणारी साधनं) असेल तर एनआयसीचा, म्हणजे कंटेनरच्या नेटवर्क कार्डाचा, प्रकार राउटेड द्या. कंटेनरमध्ये गेटवे म्हणून १६९.२५४.०.१ दिसेल, दचकू नका. होस्ट प्रॉक्सी एआरपी करून कंटेनरच्या वतीने उत्तर देतो, त्यामुळे बाहेर एकच मॅक दिसतो. ओपनव्हीझेड या जुन्या कंटेनर-साधनातलं व्हीइनेट ज्यांनी वापरलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यालाही मॅक नव्हता, ब्रॉडकास्टही नव्हतं, आणि लोक त्यात डीएचसीपी चालवायचा प्रयत्न करून रडायचे.

वाचनमात्र

मी वर +१ केलं होतं, आता कळतंय की माझं दुखणं वेगळं आहे. फॉरवर्ड पॉलिसी ॲक्सेप्टच आहे. पत्ता मिळतो, पिंग जातो, नावं सापडतात. पण कंटेनरमधून एसएसएच केलं की किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत अडकतं, आणि मोठी पानं अर्धी येऊन थांबतात. होस्टवरून तेच सगळं नीट.

केबलवाली

होस्ट बाहेर कशातून जातो? वायरगार्ड, व्हीएक्सलॅन, असा काही बोगदा मध्ये आहे का?

वाचनमात्र

वायरगार्ड आहे.

केबलवाली

मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. वायरगार्डचा इंटरफेस सहसा १४२० चा असतो, कंटेनरचं ईथ० १५०० समजून चाललंय. लहान पॅकेट निसटतात, मोठं आलं की अडतं. "तुकडे करायला हवेत" असा निरोप आयसीएमपीने परत यायचा असतो, तो वाटेत कोणीतरी गिळतंय. खात्री करायला कंटेनरमधून तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की बरोबर १५००. तो अडला आणि १३९२ चा गेला, तर निदान पक्कं. कॉन्फिगमध्ये एलएक्ससी.नेट.०.एमटीयू १४२० लिहा आणि कंटेनर पुन्हा सुरू करा.

वाचनमात्र

१४७२ अडला, १३९२ गेला. ओळ लिहिली. एसएसएच चाललं! चार महिने मी हे "अर्धवट चालतं" म्हणून सोडून दिलं होतं.

जेलर

सोलारिसमध्ये झोनला व्हीएनआयसी द्यायचो तेव्हा...

सोळा_बिट

जेलरसाहेब, त्याचा वेगळा धागा काढा, खरंच वाचायला आवडेल.

तिसरा_प्रयत्न

शेवटचा अहवाल. नन वाली लिंक फाइल काढली, नेटप्लॅनमध्ये बीआर० खाली कार्डाचा मॅक लिहिला, स्क्रिप्ट आणि दोन्ही हुक उडवले. तो कंटेनर ओळीने दहा वेळा चालू-बंद केला, एसएसएच एकदाही गोठलं नाही. बंद केल्यावर लॅपटॉपच्या एआरपी टेबलात डी८ च दिसतो.

एकच अडलंय. व्हीइथ.पेअरमध्ये माझ्या मोजणीच्या कंटेनरसाठी सतरा अक्षरी नाव दिलं, तर कंटेनर उठायलाच तयार नाही.

रिकामा_रॅक

इंटरफेसच्या नावाला १५ अक्षरांपलीकडे जागा नाही. दोन खोडा.

तिसरा_प्रयत्न

खोडली. उठला.